मार्टिन आजोबांनी स्वतःच्याच सिरीजची उणीदुणी काढणं कितपत बरोबर? (स्पॉयलर आहेत)

खारी_बिस्कीट

मंडळी, नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स ही गेम ऑफ थ्रोन्सच्या दुनियेतली सिरीज संपवली, सहाच भाग आणि तेही छोटे त्यामुळे दोन रात्रीत उरकली, आणि त्या नादात त्याच दुनियेतल्या हाऊस ऑफ द ड्रॅगनचा दुसरा सीझन परत लावला कारण तिसरा येतोय आणि मला कोण कुणाचा काका हेच आठवत नव्हतं. बघताना ते जुनं प्रकरण आठवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये या सगळ्याचे मूळ लेखक जॉर्ज मार्टिन आजोबांनी स्वतःच्या ब्लॉगवर एक लांबलचक लेख टाकला आणि काही तासांत काढूनही टाकला, तोवर अर्थातच स्क्रीनशॉट जगभर फिरून आले होते. तक्रार काय, तर हाऊस ऑफ द ड्रॅगनच्या मूळ पुस्तकात (फायर अँड ब्लड) राजा एगॉन आणि हेलेनाला तीन मुलं आहेत, जेहेरिस-जेहेरा ही जुळी आणि धाकटा दोन वर्षांचा मेलॉर, आणि सिरीजमध्ये हा मेलॉर मुळात जन्मालाच आलेला नाही. त्यामुळे पुढे कथेचं काय काय बिघडणार हे सांगताना त्यांनी येणाऱ्या सीझन्समध्ये काय ठरलंय तेही लिहून टाकलं.

आता माझा प्रश्न. हा माणूस सिरीजचा सहनिर्माता आहे, दर भागाला एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणून नाव झळकतं, पैसे घेतलेत, आणि तरी सिरीज चालू असताना असं चारचौघात बोलायचं? माझा नवरा म्हणतो घर विकल्यावर नवीन मालकाने भिंत पाडली तर तू जाऊन भांडशील का. मला ते पटत नाही पण उत्तरही सुचत नाहीये. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या जुलैत याच आजोबांनी पहिल्या दोन भागांचं तोंडभरून कौतुक केलं होतं, हेलेना झालेल्या फिया सबानचं तर खासच. मग दोन महिन्यांत असं काय बिनसलं? स्पॉयलर बिनधास्त द्या, मी ते पुस्तक काही वाचणार नाहीये.

पुस्तककिडा

बिनसलं वगैरे दोन महिन्यांत नाही हो, ते आधीपासून शिजत होतं. आता सविस्तर सांगतो, वेळ असेल तरच वाचा.

सिरीजमध्ये ते दोन मारेकरी, ब्लड आणि चीज, राजवाड्यात शिरतात, हेलेनाला सापडतात, ती गळ्यातला हार काढून देऊ करते, ते विचारतात यातला मुलगा कोणता, ती बोट दाखवते, खेळ खल्लास. अंगावर येतंच ते, नाही कोण म्हणतं. पण पुस्तकात तिला दोन मुलगे आहेत आणि ते तिला सांगतात की यातला एक तूच निवड. आधी ती म्हणते मला मारा. शेवटी ती मेलॉरचं नाव घेते, का घेते तर बहुधा तो इतका लहान आहे की त्याला काही कळणारच नाही. आणि मग ते मारतात मोठ्याला, जेहेरिसला, आणि धाकट्याला सांगून जातात की तुझ्या आईला तू मेलेला हवा होतास. पुढे जन्मभर तिला त्या पोराच्या तोंडाकडे बघता येत नाही. बोट दाखवणं आणि निवड करणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आजोबांचा पहिला मुद्दा एवढाच होता.

दुसरा मुद्दा पुढच्या साखळीचा. गादीसाठीचं युद्ध तापल्यावर मेलॉरला एका किंग्जगार्ड (राजाच्या अंगरक्षक दलातल्या) सरदारासोबत लपवून राजधानीबाहेर पाठवतात, बिटरब्रिज नावाच्या गावात ते पकडले जातात, आणि बक्षिसाच्या आशेने जमाव त्या पोराच्या अक्षरशः चिंध्या करतो. त्याचा सूड म्हणून पुढे ते गाव ड्रॅगनने जाळलं जातं. इकडे हेलेना खिडकीतून उडी मारून जीव देते, शहरात अफवा पसरते की राणीला मारून टाकलं, लोक रस्त्यावर येतात आणि मग दंगे, ड्रॅगनपिटवर (ड्रॅगन ठेवायच्या जागेवर) हल्ला, सगळं त्याच्या मागोमाग येतं. मेलॉर काढला की हेलेनाने उडी नेमकी त्याच वेळी का मारायची याला कारणच उरत नाही. लेखाचं नावच फुलपाखरांपासून सावध राहा अशा अर्थाचं होतं (फुलपाखरू म्हणजे छोटा बदल ज्याचे पुढे मोठे परिणाम होतात) आणि शेवटी त्यांनी लिहिलंय की याहून मोठी आणि जास्त विषारी फुलपाखरं पुढे येऊ घातलीत.

सिरीजचा शोरनर (मुख्य कर्ताधर्ता) रायन कॉन्डलने मेलॉर काढायचं ठरवलं तेव्हा आजोबांनी फार ताणून धरलं नव्हतं, हेही त्यांनीच लिहिलंय. खर्च, लहान मुलाची अडचण वगैरे कारणं त्यांनी ऐकून घेतली, कारण तेव्हा त्यांना सांगितलं होतं की मूल फक्त पुढे ढकलतोय, हेलेनाला ते नंतर होईल. मग नंतर कळलं की तेही नाही. तुमच्या मिस्टरांना सांगा, नुसती भिंत पाडली म्हणून हा माणूस ओरडत नव्हता.

तिसरा_असिस्टंट

बरेच दिवस नुसता वाचत होतो, हा धागा बघून लॉगिन केलं. मी काही वर्षं मराठी डेली सोपला असिस्टंट होतो (कुठल्या ते विचारू नका, पोट अजून याच धंद्यावर आहे) आणि माझी सहानुभूती शंभर टक्के कॉन्डलला.

सीन पेपरवर 'दोन वर्षांचं मूल' दिसलं की अख्ख्या युनिटचे चेहरे पडायचे. तान्हं बाळ परवडतं, दुपट्यात बाहुली गुंडाळली की लाँग शॉट निघतो, क्लोजपुरतं खरं बाळ आणायचं, ते झोपलेलं असलं तर देवच पावला. पाच वर्षांचं पोर पण चालतं, कॅडबरीच्या बोलीवर दोन वाक्यं म्हणतं. दोन वर्षांच्याला मात्र पळता येतं, नाही म्हणता येतं, आणि ऐकणं हा प्रकार नसतो. आई कॅमेऱ्यामागे मोबाइलवर बडबडगीत लावून उभी, डीओपी (मुख्य कॅमेरामन) वैतागलेला, मुख्य नटीचं रडणं तीन टेकनंतर आटलेलं, आणि पोरगं एकटक माइक लावलेल्या बूमच्या काठीकडे बघतंय. म्हणून तर आपल्या मालिकांमधली पोरं कायम आजोळी गेलेली असतात नाहीतर आत झोपलेली असतात, आणि एक दिवस लीप येतो आणि थेट कॉलेजात!

त्यात कायदा. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसाला ५ तासांवर काम नाही, सलग ३ तासांवर नाही, ओळीने २७ दिवसांवर नाही, जिल्हा मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते आणि कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावाने एफडीत टाकावे लागतात. (हे सगळं सगळीकडे पाळतात का, असो.) इंग्लंडमध्ये तर अजून कडक, चार वर्षांपर्यंतचं मूल सेटवर ५ तास आणि त्यात प्रत्यक्ष काम फक्त २ तास. हाऊस ऑफ द ड्रॅगन तिकडेच लीव्हस्डन स्टुडिओत शूट होते. आणि हे टार्गेरियन राजघराण्याचं पोर, म्हणजे त्या पिल्लाच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा विग! विग घातलेलं दोन वर्षांचं मूल दोन मिनिटं शांत बसवून दाखवा, मी धंदा सोडतो.

एक गोष्ट कुणीच बोलत नाही. पहिला सीझन २०२२, दुसरा २०२४, तिसरा आता. कथेत जातात काही महिने आणि बाहेर दोन वर्षं. म्हणजे आज घेतलेला मेलॉर पुढच्या सीझनला चार वर्षांचा होऊन धावत येणार, म्हणजे परत नवीन पोर शोधा, परत विग.

मिश्कील_मावळा

आजोबांना म्हणावं आधी गेम ऑफ थ्रोन्सच्या मालिकेतलं रखडलेलं पुस्तक विंड्स ऑफ विंटर लिहा. आधीचं पुस्तक आलं जुलै २०११ ला, तेव्हा मी बारावीत होतो, आता माझ्या पोराच्या शाळेची ॲडमिशन चालू आहे.

खारी_बिस्कीट

@मिश्कील_मावळा, हा प्रतिसाद येणार हे माहीतच होतं, इतका वेळ का लागला तेच कळेना.

@तिसरा_असिस्टंट, विगचं वाचून हसून हसून मेले. पण मग तुमचं म्हणणं असं का की पुस्तकात काहीही असो, सेटवर जमत नसेल तर कापा आणि लेखकाने गप्प बसा?

तिसरा_असिस्टंट

नाही नाही, कापा म्हणजे कापा आणि तोंडावर सांगा. 'नंतर आणू' म्हणायचं नाही. आमच्या धंद्यात 'पुढच्या ब्लॉकमध्ये बघू' म्हणजे कधीच नाही हे स्पॉटदादाला पण कळतं. मार्टिनला ते कळलं नसेल असं वाटत नाही, हा माणूस काही पुस्तकांतून थेट आलेला भोळा लेखक नाही. ऐंशीच्या दशकात हॉलिवूडला टीव्हीसाठी लिहीत होता, आधी ट्वायलाइट झोनची नवी आवृत्ती, मग ब्यूटी अँड द बीस्ट. तिथे दरवेळी स्क्रिप्ट दिली की ऐकायचं, छान आहे पण पाचपट महाग आहे, घोडे कमी करा, माणसं कमी करा. त्याला वैतागूनच नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गेम ऑफ थ्रोन्सची कादंबरी लिहायला घेतली, की कागदावर हजारभर माणसं आणि ड्रॅगन घातले तरी बजेट लागत नाही. आणि नेमकं तेच पुस्तक टीव्हीवर आलं. पुढे गेम ऑफ थ्रोन्सच्या पहिल्या चार सीझन्सना दरवर्षी एक भाग त्यानेच लिहिलाय, म्हणजे कात्री काय असते ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

सोलापुरी_चादर

मी जरा वेगळं बोलते. फायर अँड ब्लड (२०१८) ही नेहमीच्या अर्थाने कादंबरी नाहीच, ती बखर आहे. एक आर्चमेस्टर (तिथला विद्वान) शंभर-दीडशे वर्षांनी बसून लिहितोय आणि त्याच्यासमोर साधनं कुठली, तर एक सेप्टन (धर्मगुरू) जो धार्मिक आणि एका बाजूचा, आणि मशरूम नावाचा दरबारी विदूषक ज्याला प्रत्येक गोष्टीत चावटपणा दिसतो. एकाच रात्रीच्या तीन हकिकती, तिन्ही वेगळ्या. आपल्याला सवय आहे याची, एकाच लढाईच्या चार बखरी आणि चारांत चार आकडे. कॉन्डलला तिथे मोकळीक मिळते, तो म्हणू शकतो की बखरीत लिहिलं ते ऐकीव, खरं काय घडलं ते मी दाखवतो. गादीच्या भांडणात समोरासमोर असलेल्या रेनीरा आणि ॲलिसेंट लहानपणच्या मैत्रिणी होत्या हे सिरीजने घेतलेलं स्वातंत्र्य मला पुस्तकापेक्षा आवडलं, पुस्तकात दोघींच्या वयात दहाएक वर्षांचं अंतर आहे.

पण बखरकार काय वाटेल ते लिहो, राजाला मुलं किती यावर वाद नसतो. म्हणून मेलॉरवर मी आजोबांच्या बाजूने.

मात्र २०२४ च्याच मे महिन्यात त्यांनी जे लिहिलं होतं की रूपांतर करणारे हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा मूळ गोष्ट बिघडवतातच, ते मला अजिबात मान्य नाही. स्टीफन किंगला कुब्रिकचा द शायनिंग आवडला नाही, १९९७ ला त्याने स्वतः पटकथा लिहून त्याची मिनी सिरीज केली, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, कुब्रिकचाच. लेखकाला आपलं बाळ दिसतं, प्रेक्षकाला समोरचा पडदा. आपल्याकडे तर लेखक बोलेपर्यंत राहतोच कुठे, दुनियादारी २०१३ ला पडद्यावर आली तेव्हा मूळ कादंबरीकार सुशिंना (सुहास शिरवळकर) जाऊन दहा वर्षं झाली होती, पुस्तकवेड्यांनीच काय ती कुरकुर केली.

पुस्तककिडा

सोलापूरकर ताई, बखरीचं एकदम पटलं. पण हजारातल्या उरलेल्या एकाचं उदाहरणही त्यांनी तिथेच दिलं होतं, नवीन शोगन सिरीज. त्याचा मूळ लेखक जेम्स क्लॅव्हल १९९४ लाच गेलाय. म्हणजे लेखक जिवंत आहे की नाही याचा दर्जाशी काही संबंध नाही, वाचून समजून घेणारा माणूस मिळाला की झालं. नाइटच्या बाबतीत तसा शोरनर इरा पार्कर मिळाला. ती सिरीज यायच्या आधीच आजोबांनी सहाच्या सहा भाग बघून आवडले म्हणून लिहिलं होतं, वर सावधही केलं होतं की यात मोठ्या लढाया, ड्रॅगन शोधायला येऊ नका. म्हणजे मनासारखं झालं की हा माणूस तितकंच मोकळेपणाने कौतुक करतो, फक्त ते कुणी शेअर करत नाही.

आणि टीका म्हणाल तर याहून बारीकसारीक पण करतो. २०२४ च्या जुलैत ड्रॅगनच्या पायांवर अख्खा लेख होता! त्यांचे ड्रॅगन दोन पायांचे, कारण निसर्गात चार पाय आणि वर दोन पंख असा प्राणी नाही, आणि सिरीजमधले खरे ड्रॅगन दोन पायांचेच आहेत, पण घराण्याच्या झेंड्यावरचा ड्रॅगन चार पायांचा काढलाय. त्यावर ते जे चिडलेत ते वाचून मला माझ्या भूमितीच्या सरांची आठवण झाली.

तिसरा_असिस्टंट

झेंड्यावर मात्र मी पण त्यांच्या बाजूने, त्याला ना विग लागतो ना परवानगी.

कॉन्डलची पण बाजू ऐका, दुसऱ्या सीझनचं शूटिंग २०२३ मध्ये लेखकांचा संप चालू असताना झालं. स्क्रिप्ट आधी लॉक झालेली, नट ब्रिटिश युनियनचे त्यामुळे काम थांबलं नाही, पण सेटवर ओळ बदलायची सोय नाही. दहाचे आठ भाग झाले, मोठी आरमारी लढाई तिसऱ्यात गेली. अशा वेळी लेखकाच्या नोट्स आल्या की माणूस किती वाकणार. नंतर २०२५ मध्ये तो एका मुलाखतीत बोललाच की मी बराच काळ त्यांना सोबत घ्यायचा प्रयत्न केला पण पुढे ते व्यावहारिक अडचणी समजून घ्यायलाच तयार नव्हते. आणि यंदाच्या जानेवारीत आजोबांनीही सांगितलं की संबंध पार रसातळाला गेलेत. आता तिसऱ्या सीझनबद्दल कोण काय म्हणेल ते बघायला मी तरी चिवडा घेऊन बसणार.

खारी_बिस्कीट

बरं, वाचणार नाही म्हटलं होतं पण ते ब्लड आणि चीजचं आता मूळात वाचावंसं वाटतंय. अख्खं पुस्तक न वाचता तेवढंच कुठे मिळेल? मला त्या सातशे पानांची भीती वाटते.

सोलापुरी_चादर

फायर अँड ब्लडचा दुसरा अर्धा भाग घ्या, युद्ध तिथेच आहे, आधीचं नाही वाचलं तरी चालतं. तेही जड वाटलं तर द प्रिन्सेस अँड द क्वीन ही मोठी कथा आहे, २०१३ ला डेंजरस विमेन नावाच्या संग्रहात आली होती, त्यात हेच युद्ध थोडक्यात आहे आणि मेलॉरही आहे. रात्री झोपायच्या आधी वाचू नका एवढंच.