रुमॅटॉलॉजिस्टला मराठीत काय म्हणायचं?

आईची बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. फॅमिली डॉक्टरांनी रुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलंय. गावी आजीला काय सांगू? 'हाडांचा डॉक्टर' चालेल का?

—

नको! संधिवाततज्ज्ञ म्हणा. पाट्यांवरही हाच शब्द असतो.

—

हाडांचा डॉक्टर म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ, मुळात सर्जन. मोडलेलं हाड, बदलायचा गुडघा हे त्याचं काम. संधिवाततज्ज्ञ हा फिजिशियन; सहसा एमडी मेडिसिननंतर डीएम केलेला. तो चाकू हातात घेत नाही, रक्त तपासून औषधं देतो.

खरा घोळ 'संधिवात' या शब्दात आहे. आपल्याकडे सत्तरीतला झिजलेला गुडघाही संधिवात आणि तिशीत सुजलेली बोटंही संधिवातच. जुन्या वैद्यांनी यांची सरमिसळ केली नव्हती. झिजेच्या जवळ जाणारा तो संधिगत वात, गाऊटशी जुळणारं ते वातरक्त, आणि आमवाताला तर माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे. प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या रुमॅटॉइडला आज आमवात म्हणतात ते तिथूनच. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'रूमा', म्हणजे वाहणं. शरीरातला दूषित द्रव वाहत सांध्यात उतरतो अशी समजूत होती. आपल्याकडे आम (नीट न पचलेल्या अन्नाचा दोष) आणि वात, त्यांच्याकडे द्रव. डॉक्टरासाठीचा शब्द मात्र अलीकडचा, १९४० च्या सुमारास अमेरिकेत रुळलेला.

—

पण 'संधिवाततज्ज्ञ' तोकडा पडतो हो. माझ्या भाचीला ल्यूपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते; सांध्यांपेक्षा मूत्रपिंडाचीच काळजी जास्त. या डॉक्टरांचं नाव काढलं की नातेवाईक विचारतात, "अगं, एवढ्या लहान वयात संधिवात?" 'स्वयंप्रतिकारविकारतज्ज्ञ' बरोबर आहे, पण कोण म्हणणार ते! आम्ही सरळ रुमॅटॉलॉजिस्टच म्हणतो.

—

ताई, आजीला शब्द नकोच, दुखणं सांगा. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली घरोघरी जाऊन पाहणी झाली, तिचीही सुरुवात रोगाच्या नावापासून नव्हती. दुखतं का, कुठे दुखतं, हेच आधी विचारायचे. 'सांधे सुजतात ना, त्याचे डॉक्टर' एवढं पुरे. आणि आईला मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं औषध दिलं, तर गोळी आठवड्यातून एकदाच असते हे मात्र नीट समजावा. रोजची समजून घेतली की जिवावर बेततं.

—

जाता जाता: संधिवात, धि ऱ्हस्व. सुटा शब्द 'संधी' दीर्घ, समासात ऱ्हस्व. आणि 'तज्ञ' नव्हे, तज्ज्ञ.