मदत हवी आहे: मुलाला हायस्कूल डिप्लोमा (शाळा पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट) घेऊ द्यावा की थांबवावा? (अमेरिका, बौद्धिक दिव्यांगता, कॉलेज)

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत असतो, मुलगा १७ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांगता आहे, सध्या अकरावीत. वाचतो चौथी-पाचवीच्या लेव्हलचं, हिशोब कॅल्क्युलेटरवर, पण हवामानाचं वेड असं की सकाळी उठल्याउठल्या आज किती डिग्री नि वारा कुठून हे घरात सगळ्यांना ऐकावंच लागतं.

इतकी वर्षं आम्ही धरूनच चाललो होतो की कॉलेज हा आपल्या घरातला विषय नाही. आता कळतंय की २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यानंतर अशा मुलांसाठीचे प्रोग्रॅम बरेच वाढलेत, थिंक कॉलेज (अशा प्रोग्रॅमची माहिती देणारी संस्था) च्या साइटवर तर तीनशेच्या वर सापडतात. रेग्युलर क्लासमध्ये बसायचं, बरेचदा ऑडिट करायचं म्हणजे ग्रेडचं टेन्शन नाही, सोबत पीअर मेंटॉर (मदतीला कॉलेजचेच विद्यार्थी), शिवाय कामाचा अनुभव. प्रोग्रॅमला सीटीपी (बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीचा सरकारमान्य कॉलेज प्रोग्रॅम) म्हणून मान्यता असेल तर हायस्कूल डिप्लोमा नसतानाही पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळू शकते, फेडरल लोन मात्र नाही. फी बघून धडकीच भरली, ते असो.

परवा एका कॉलेजात गेलो होतो. तिथल्या बाईंनी त्याला विचारलं, तुला इथे काय शिकायचंय? मी सवयीने तोंड उघडलंच, तर त्या हसून म्हणाल्या, त्याला बोलू दे. मग मिनिटभर कोणीच बोलेना, हा जॅकेटची चेन वर-खाली करतोय, नवऱ्याने माझा हात धरून ठेवलेला (मी परत बोलू नये म्हणूनच असणार). शेवटी म्हणाला, "ढग. आणि बसने एकटा येणार." बसचं मला आजवर माहीतच नव्हतं!

आता खरा प्रश्न. शाळा म्हणतेय पुढच्या वर्षी डिप्लोमा देऊन टाकू. पण रेग्युलर डिप्लोमा हातात पडला की स्पेशल एज्युकेशनचा हक्क तिथेच संपतो, नाहीतर बहुतेक राज्यांत २१ पर्यंत शाळेत राहता येतं, आणि काही स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) त्याच वर्षांत मुलांना कॉलेजच्या प्रोग्रॅमला पाठवून खर्चही उचलतात म्हणे. तुमच्यापैकी कोणी डिप्लोमा लांबवून असं केलंय का? आयईपीत (शाळेने मुलासाठी बनवलेला लेखी शिक्षण आराखडा) नेमकं काय लिहून घेतलंत? कॉलेजात आयईपी चालत नाही, त्यामुळे जे मिळवायचं ते आत्ताच, असं मला वाटतंय.

दुसरं, १८ झाला की सह्या त्याच्या, आणि कॉलेज त्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या रेकॉर्डबद्दल आम्हाला काही सांगेलच असं नाही. नातेवाईक म्हणतात गार्डियनशिप (त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा कोर्टाकडून मिळणारा हक्क) घेऊन टाका. मला ते टोकाचं वाटतं, निर्णय त्याचा आणि मदत आपली असं सपोर्टेड डिसिजन मेकिंग कोणी करून बघितलंय का?

शाळेतली आयईपी मीटिंग तीन आठवड्यांवर आलीय. उत्तरं प्लीज इथेच द्या, तो म्हणालाय सगळी वाचून दाखव.