शेजारणीकडून व्याज घेऊ का?

मालवणकरीण: मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मासे विकते. मार्चात शेजारणीला जाळ्यासाठी वीस हजार दिले, महिना शेकडा तीन. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा हप्ता थकला. परवा तिनं पदराची गाठ सोडून चुरगळलेले सहाशे मोजले. नोटांना सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा वास, आणि चूल थंड. माझा हात पुढे होईना. बायबलमधलं निर्गम २२:२५ सांगतं, गरिबाला कर्ज दिलंत तर व्याज लावू नका. पण माझेही पैसे बर्फाला अडकतात! मी पाप करतेय का?

वसईकर: ताई, चर्चनं शतकानुशतकं व्याज पापच मानलं. १७४५ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीही पत्र काढून तेच सांगितलं. मात्र पैसे दिल्यानं तुमचं खरंच नुकसान होत असेल, तर त्याची भरपाई मागणं वेगळं, असंही त्यात आहे. तुमचं नुकसान किती, ते प्रामाणिकपणे मोजा. शेकडा तीन नक्कीच नसणार.

वेंगुर्ल्याचा: मत्तय २५ मध्ये येशूच्या दाखल्यातला धनी पैसे पुरून ठेवणाऱ्या चाकराशी व्याजाची भाषा करतो, म्हणून कुणी सावकारीचं समर्थन करतं. मला ते पटत नाही. तो दाखला मिळालेलं दान पुरून ठेवण्याबद्दल आहे, उपाशी शेजारणीबद्दल नाही.

मालवणकरीण: सहाशे परत दिले. आधीचं व्याज मुद्दलातून वजा केलं. उरलेलं नारळी पौर्णिमेनंतर, होडी दर्यात गेली की जमेल तसं. ती रडली, मीही.