कालपासून चोच मारलेलं अंडं पुढे फुटत नाहीये, टवका काढू का?

अमळनेरकर_शेतकरी (दुपारी १२:०५)

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

रामनवमी झाल्यावर तीन दिवसांनी खुडूक गावरान कोंबडीखाली ११ अंडी ठेवली होती. दहाव्या रात्री मोबाइलच्या बॅटरीवर धरून पाहिली, दोन कोरी निघाली, नऊमध्ये लाल शिरा दिसल्या. अठराव्या रात्री बोक्याने कोंबडीच मारली. पहाटे खुराड्यात नुसती पिसं. अंडी मात्र अजून कोमट होती, आईने पदरात घालून घरात आणली. मी थर्माकोलचा खोका घेतला, ४० वॅटचा बल्ब लावला, वाटीत पाणी ठेवलं आणि कशीबशी ऊब धरली.

काल रात्री तीन पिल्लं आपली आपण आली. चार अंडी शांत आहेत. पण दोन अंड्यांना काल दुपारी ४ वाजता भोक पडलं ते आजपर्यंत तेवढंच आहे. आत चोच हलते, आवाज येतो. आज आखाजी (अक्षय तृतीया), बहीण माहेरी आलीय. भाची कालपासून खोक्यापाशीच बसून आहे आणि तिला दाखवायला मीच दर पाच-दहा मिनिटांनी झाकण उघडत होतो. आता वाटतंय तेच चुकलं. आई म्हणते हात लावू नको, ते आपलं आपण येस. मला ते ओरडणं ऐकवत नाही. नखाने टवका काढून मोकळं करू का?

तापीकाठ_ताई (१२:२०)

भाऊ, नख लावू नका. झाकण लावा आणि आधी हे वाचा.

पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि तिथे पहिला श्वास घेतं. मग कवचाला टोचा मारतं. टोचा मारल्यावर ते कितीतरी तास गप्प पडतं, ते थकलं म्हणून नाही. त्या वेळात आतल्या पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त त्याच्या अंगात परत ओढलं जातं आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात जातो. हे व्हायच्या आत कवच सोललं तर रक्त वाहतं. १२ ते २४ तास लागतातच. म्हणून आईंचं बरोबर आहे.

मी लग्न होऊन शिरपूरकडे आले त्या पहिल्या उन्हाळ्यात हेच केलं होतं. सहा तासही थांबले नाही, सोलत गेले. पिल्लू हातात आलं, पण बेंबीला बलकाची पिवळी पिशवी लोंबत होती आणि बोटाला रक्त. तासाभरात गेलं. वीस वर्षं झाली, ते अजून डोळ्यासमोरून हलत नाही.

आता एक काम करा. दोन्ही अंड्यांच्या भोकातून दिसणाऱ्या पापुद्र्याचा रंग नीट बघून सांगा. पांढरा, ओलसर आहे, की पिवळट तपकिरी होऊन कांद्याच्या वाळक्या सालीसारखा दिसतो? पुढचं सगळं त्यावर आहे. बघायला दहा सेकंद पुरतात, लगेच झाकण लावा.

केळीबाग_रावेर (१२:३१)

ताईंच्या बरोबरीने माझं एक. आपल्याकडे आज बाहेर ४३-४४ अंश आहे, पत्र्याच्या घरात दुपारी आतसुद्धा ४० होतं. अशा वेळी बल्ब चालू ठेवला तर अंडी शिजतील. पंखा नसलेल्या खोक्यात अंड्याच्या वरच्या पातळीला ३८ च्या आसपास तापमान हवं, ४० च्या वर गेलं की पिल्लू आतच गुदमरतं. दुपारी बल्ब बंद ठेवा, खोका घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत न्या. रात्री परत लावा.

दुसरं, शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५-७० टक्के लागते. वैशाखातली आपली हवा इतकी कोरडी की एका वाटीने भागत नाही, वाटीचं तोंड लहान असतं. ताटलीत पाणी घ्या, त्यात गोणपाटाचा ओला तुकडा उभा ठेवा. तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो चढलेला आकडा धरून बसतो. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, पुढच्या खेपेला ते घ्या.

सातपुडा_पायथा (१२:४०)

माझं मत वेगळं. जे पिल्लू स्वतः बाहेर येत नाही ते कमजोर असतं. ओढून काढलं तरी पुढे मागे पडतं. सोडून द्या.

अमळनेरकर_शेतकरी (१२:४८)

बघितलं. एकाचा पापुद्रा पांढरा आहे, ओला आहे. दुसऱ्याचा तपकिरी, कडक, आणि पिल्लाच्या पिसांना चिकटलाय. बल्ब बंद केला, खोका देवघरात नेला. गोणपाट ठेवलं.

तापीकाठ_ताई (१२:५५)

सातपुडा भाऊ, एरवी मी तुमच्यासारखंच म्हणते. आत वाकडं बसलेलं किंवा अधू पिल्लू मीही ओढत नाही. पण इथे कोंबडी गेली आणि झाकण उघडून उघडून खोका कोरडा पडला. पापुद्रा वाळून पिल्लाला आवळून बसलाय, ते जोर लावतंय पण वळता येत नाही. यात त्याची कमजोरी कुठे आली? आपल्या हातून झालंय तर आपणच सोडवायचं.

अमळनेर भाऊ, पांढऱ्याला हातच लावू नका, ते येईल. तपकिरीसाठी हात साबणाने धुवा. वाटीत कोमट पाणी, कान साफ करायची कापसाची काडी. काडी भिजवून, झटकून, भोकाभोवतीच्या पापुद्र्यावर फिरवा. चोचीवर दोन बारीक नाकपुड्या दिसतील, तिथे पाण्याचा थेंबही जायला नको. पापुद्रा ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतल्या शिरा दिसतात. लाल शिरा भरलेल्या दिसल्या तर तिथेच थांबा, अंडं परत ठेवा, दोन तासांनी बघा. शिरा दिसल्या नाहीत तर रुंद टोकाकडून कवचाचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढा, परत ओलं करा. असं टोपीसारखं गोल सोडवत जा. रक्ताचा एक ठिपका दिसला तरी थांबा. डोकं मोकळं झालं की बास. खालचा अर्धा भाग कवचातच राहू द्या, तिथून लाथ मारून त्याने स्वतः यायचं.

आणि शांत चार अंडी तेविसाव्या दिवसापर्यंत ठेवा.

अमळनेरकर_शेतकरी (रात्री ९:४०)

पांढरं अंडं साडेतीन वाजता आपलं आपण फुटलं! भाचीने आधी पाहिलं, मला शेतातून बोलावून आणलं.

तपकिरीला पाच तास लागले. पहिल्यांदा ओलं केलं तेव्हा एक लाल शीर दिसली, म्हणून ठेवून दिलं. चार वाजता परत पाहिलं, शीर नव्हती. मग तुकडे काढले. वाळलेला पापुद्रा मानेच्या पिसांना डिंकासारखा चिकटला होता, काडीने भिजवून भिजवून सोडवला. सातला डोकं बाहेर, साडेआठला लाथ मारून पूर्ण बाहेर आलं. रक्त नाही. बेंबी बंद आहे. पण उभं राहताना पाय दोन बाजूंना फाकतात. खाली वर्तमानपत्र आहे.

तापीकाठ_ताई (१०:०२)

देव पावला! वर्तमानपत्र आत्ताच काढा, त्यावर पाय घसरतात. गोणपाट पसरा. सकाळपर्यंत पाय तसेच राहिले तर चिकटपट्टीची बारीक पट्टी घेऊन दोन्ही पायांना सैल बेडीसारखी बांधा, मध्ये इंचभर अंतर. दोन-तीन दिवसांत पाय धरतं.

पूर्ण वाळल्याशिवाय खोक्यातून काढू नका. खाण्याची घाई नाही, पोटातल्या बलकावर ते दोन दिवस निघतं. सकाळी पसरट झाकणात गुळाचं पाणी द्या, आत खडे टाका म्हणजे बुडणार नाही. नंतर मक्याचा बारीक भरडा. पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब. दुपारी तुमच्याकडे ती आयतीच आहे, रात्री बल्ब. आणि पाच-सात दिवसांनी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात एक थेंब. ती चुकवू नका, मानमोडी आली तर आज सोडवलेलं हेही राहणार नाही.

अमळनेरकर_शेतकरी (१०:१५)

गोणपाट टाकलं. बाकीची चारही पिल्लं या पिल्लाभोवती चिकटून बसलीत. झाकण आता सकाळीच उघडतो.