नरिमन हाऊस आणि 'दोन तासांत' जिंकून देणारे ड्रोन

खिडकीतला: काल इथे एकाने लिहिलं, '२००८ च्या २६/११ हल्ल्यात एनएसजी कमांडोंकडे खिशात मावणारे टेहळणी ड्रोन असते, तर नरिमन हाऊस दोन तासांत आटोपलं असतं.' वाचून डोकंच फिरलं. अहो, ज्या ब्लॅक हॉर्नेट नावाच्या चिमुकल्या ड्रोनचे गोडवे गाताय, तो बनवणारी नॉर्वेची कंपनीच मुळी २००७ च्या डिसेंबरात निघाली! ब्रिटिशांनी अफगाणिस्तानात तो वापरला मातीच्या भिंतीपलीकडे डोकावायला. कुलाब्यातल्या सिमेंटच्या इमारतीत तो किडा दुसऱ्या जिन्यावरच सिग्नल सोडेल.

रोटरवाला: तो लेख माझाच. तारखेची चूक मान्य, पण मुद्दा कुठे खोटा ठरला? एनएसजीचे हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट तिथेच शहीद झाले. आत कोण कुठे दबा धरून बसलंय, एवढं जरी कळलं असतं...

खिडकीतला: पडदा ओढलेला असेल तर? भाच्याच्या लग्नात फोटोवाल्याने मंगलाष्टकं चालू असताना ड्रोन मंडपात घुसवला. झालरीत अडकला, पातं तुटून थेट भटजींच्या ताम्हनात. तिथे तर कोणी गोळ्या झाडत नव्हतं.

कुलाबेकर: दिसत नव्हतं म्हणे! टीव्हीवर सगळं दिसत होतं. हेलिकॉप्टरमधून कमांडो गच्चीवर उतरले ते आम्ही चहा पीत पाहिलं, आजही लाज वाटते. तेच पाकिस्तानात बसून अतिरेक्यांना फोनवर हुकूम देणारे हँडलरही बघत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना झापलं, तरी थेट प्रक्षेपणावर नियम यायला २०१५ उजाडलं.

रोटरवाला: धागा ड्रोनचा आहे हो.

कुलाबेकर: मग ड्रोनचंच बोलतो. आज २५० ग्रॅमपर्यंतचं खेळणं उडवायला वैमानिकाचा परवानासुद्धा लागत नाही. उद्या असं काही घडलं तर आकाशात रीलवाल्यांचे दहा आणि तुमच्या कमांडोंचा एक. कोणता पाडायचा?

खिडकीतला: +१. आमच्या सोसायटीत एकाचा ड्रोन चौथ्या मजल्याच्या बाल्कनीसमोर घिरट्या घालत होता. सेक्रेटरी म्हणे, 'पाण्याची टाकी बघतोय.' टाकी गच्चीवर आहे!

रोटरवाला: बाल्कनी, भटजी, टीव्ही झाले असतील तर मोसुल आठवा. २०१६-१७ मध्ये आयसिसने बाजारातल्या फोटोच्या क्वाडकॉप्टरवरून इराकी सैनिकांवर ग्रेनेड टाकले. समोरचा उडवतोच आहे. आपण काय जिन्यात सिग्नल मिळत नाही म्हणून रडत बसायचं?

खिडकीतला: बरं बाबा, गच्ची आणि गल्ली दिली तुमच्या ड्रोनला. जिना देत नाही. आणि 'दोन तास' आधी खोडा.

रोटरवाला: खोडलं. 'लवकर' लिहिलंय. चालेल ना, जनरलसाहेब?

कुलाबेकर: वाहिन्यांचं मात्र कोणी बोलत नाही.