एआयने गाडीचे फोटो सुधारायचे म्हणजे नेमकं किती सुधारायचे?

यार्डवाला_पोरगा:
मंडळी, जरा मदत हवीये. घरचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे, बाबा आणि काका व्यवहार बघतात आणि फोटो काढून ऑनलाइन टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जागा कमी, त्यामुळे प्रत्येक फोटोत मागे दुसऱ्या गाडीचं तोंड, पत्र्याची शेड, नाहीतर धुण्याची बादली. म्हणून एक एआय अॅप घेतलं, फोटो टाकला की मागे चकाचक शोरूम येतं. पहिले दोन दिवस भारी वाटलं, मग नीट बघितलं तर गाडी जमिनीला टेकलेलीच नाही, तरंगतेय, आणि खिडकीच्या काचेतून आमचीच शेड दिसतेय!
पण खरा घोळ पुढे झाला. मागच्या आठवड्यात एक जण सिल्व्हर हॅचबॅक बघायला आला, मागच्या बंपरला डावीकडे वीतभर स्क्रॅच आहे आणि फोटोत तो गायब. मी मुद्दाम नाही काढला हो, फक्त 'एन्हान्स' दाबलं होतं. तो माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही, मोबाईल बंपरला लावून उभा राहिला आणि बाबांना म्हणाला, "फोटोत तर नाहीये." बाबांचा चेहरा बघवत नव्हता. काका तेव्हापासून म्हणतायत हे सगळं बंद कर. करू का बंद?

लेन्सवाले_काका:
बंद कशाला करतोस, आधी फोटो नीट काढ म्हणजे एआयला काम कमी उरेल. तू नक्की मोबाईलच्या ०.५ वर (वाइड लेन्स) जवळून काढत असणार, जागा कमी म्हटल्यावर सगळे तेच करतात, आणि मग बोनेट नाकासारखं पुढे येतं आणि मागची चाकं लहान दिसतात, ते कुठलंही अॅप धड सरळ करत नाही. गाडी अशी लाव की तुला मागे सरकता येईल आणि २एक्सवर काढ. मोबाईल हेडलाइटच्या उंचीला धर, उभ्याने छातीजवळून नको. पुढून तिरपा फोटो काढताना स्टिअरिंग थोडं फिरवून ठेव, टायरचा रबर नाही, रिम दिसली पाहिजे. भर दुपारचं ऊन टाळ, ढगाळ दिवस मिळाला तर सोनं.
आणि काळी गाडी म्हणजे आरसा. तू मागे शोरूम लावशील पण दारावर शेडचे पत्रे आणि तुझा लाल शर्ट तसाच राहणार, म्हणून ते खोटं वाटतं. साधी राखाडी भिंत आणि सिमेंटची जमीन एवढंच लाव, डोळ्याला खपतं.

मास्क_मास्तर:
काकांचं बरोबर, पण स्क्रॅच का गेला ते सांगतो. एआय एआय म्हणतात त्यात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे गाडी कुठे संपते आणि मागचं कुठे सुरू होतं ते ओळखून मास्क, म्हणजे गाडीच्या आकाराचा साचा, बनवणं, यात गाडीचा एकही पिक्सेल बदलायची गरज नसते. दुसरं म्हणजे चित्र नव्याने काढणं. तुझं 'एन्हान्स' बहुतेक दुसऱ्या जातीचं आहे, त्याला बारीक वेडीवाकडी रेघ म्हणजे फोटोतला कचरा वाटतो, की पुसून टाकली. असल्या अॅपमध्ये अलॉयच्या काड्या कमीजास्त झालेल्या, लोगोची अक्षरं वितळलेली मी बघितलीयेत.
मास्कसाठी 'रेमबीजी' नावाचं बॅकग्राउंड काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यातलं यू-टू-नेट मॉडेल २०२० चं आहे तरी बऱ्याच गाड्यांना पुरतं. पांढरी गाडी पांढऱ्या भिंतीसमोर असली की गडबडतं, तिथे मेटाचं 'सेगमेंट एनीथिंग' वापर, २०२३ मध्ये आलं, गाडीवर क्लिक करून हवा तो भाग सांगता येतो.
आता पद्धत: मूळ फोटोतलीच गाडी मास्कने कापून नव्या बॅकग्राउंडवर ठेव. टायरखालची मूळ सावली फोटो एडिटरमध्ये वेगळ्या लेयरवर (थरावर) 'मल्टिप्लाय' मोड लावून खाली घाल, म्हणजे खालची जमीन सावलीपुरती गडद होते आणि तरंगणं थांबेल. काचेतून दिसणारा भाग कापून त्यावर फिकट करडा थर दे.
आणि पाठवायच्या आधी मूळ आणि नवीन फोटो एकावर एक ठेवून वरच्याला 'डिफरन्स' मोड लाव, तो दोन फोटोंतला फरक तेवढा दाखवतो. गाडीचा भाग काळा दिसला तर काही बदललं नाही. काळ्यात एखादी रेघ चमकली तर समज तिथे हात लागलाय. उजेड वाढवायचा असेल तर ही तपासणी झाल्यावर वाढव, नाहीतर सगळंच चमकेल.

यार्डवाला_पोरगा:
डिफरन्स मोड माहितीच नव्हता! अजून एक, वर्णन पण एआयकडून लिहून घेतो. परवा त्याने एका गाडीला सनरूफ दिलं, छत नुसतं काळ्या रंगाचं आहे 😅

कागदपत्र_ताई:
अरे दादा, फोटो देऊन 'छान वर्णन लिही' म्हटलं की ते छानच लिहिणार, खरं नाही. आधी तू गाडीत बसून काय काय आहे त्याची यादी कर, ती दे आणि सांग की यादीबाहेरचं काही लिहायचं नाही. तरी एकदा वाचच, 'एकाच हातातली', 'विनाअपघात' असली वाक्यं ते सवयीने घुसवतं आणि ती अंगाशी येतात.
चासी नंबर पण फोटोवरून वाचून घेत असशील तर तपास. १७ अक्षरं असतात आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू कधीच नसतात, त्यामुळे ओ आला की समज तो शून्य आहे. ८ आणि बी, ५ आणि एस यांची अदलाबदल मात्र डोळ्यांनीच पकडावी लागते.

फक्त_बघायला_आलो:
गिऱ्हाईक म्हणून बोलतो. शोरूमवाला बॅकग्राउंड दिसला की मी पुढे सरकतो, काहीतरी लपवतायत असंच वाटतं. मी बघतो ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं कातडं आणि ब्रेक पेडलचा रबर. किलोमीटर कमी लिहिलेत आणि रबर गुळगुळीत झालाय तर फोनच करत नाही. या तीन फोटोंना एआयचा हात लावू नका प्लीज.

मास्क_मास्तर:
+१. आतले फोटो कच्चेच टाका. मीटरच्या फोटोत पट्ट्या येत असतील तर शटर जरा हळू ठेव, बस.

यार्डवाला_पोरगा:
काल रात्री सगळ्या लिस्टिंगचे जुने-नवे फोटो डिफरन्सला लावले. स्क्रॅच अजून दोन गाड्यांचा गेला होता आणि एका गाडीच्या मडगार्डवरचा पोचा अर्धा भरून आला होता, सगळे काढले आणि मूळ टाकले. सिल्व्हरच्या बंपरचा क्लोजअप काकांनी स्वतः काढला, किती लांब आहे ते कळावं म्हणून शेजारी पेन धरून. फोटोत त्यांचा अंगठा पण आलाय. तो एआयने काढला तर चालेल ना? 😄

मास्क_मास्तर:
अंगठा राहू दे.