भुयार, तळघर, सुरंग आणि सुरुंग

ग्वाल्हेरचा किल्ला पाहायला येणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी छापलेले एक माहितीपत्रक मागच्या महिन्यात माझ्या हाती आले. त्यात ‘किल्ल्याखाली अनेक सुरुंग आहेत’ असे वाक्य होते. मूळ हिंदी मजकुरात ‘सुरंगें’ हा शब्द असणार आणि भाषांतर करणाऱ्याने तो मराठीत जवळचा वाटला म्हणून तसाच उचलला असणार, हे उघड आहे. पण मराठी वाचक त्या वाक्याचा अर्थ किल्ल्याखाली दारू पेरून ठेवली आहे, असाच घेईल. तेव्हा सुरंग, तहखाना, भुयार आणि तळघर या शब्दांना मराठीत नेमके कोठे वापरावे, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्यात एक जाड फळी होती. तिला लोखंडी कडी होती, आणि ती दोघांनी मिळून उचलली की खाली उतरणाऱ्या सात दगडी पायऱ्या दिसत. जाळी लावलेला एवढासा झरोका रस्त्याच्या पातळीवर उघडत असे, त्यामुळे उन्हाळ्यात वर शहर भाजून निघत असताना खाली गारवा असे. आजी त्या जागेला ‘भुयार’ म्हणत असे, वडील ‘तळघर’ म्हणत आणि शेजारची हिंदी भाषक मंडळी ‘तहखाना’ म्हणत. तेथून पुढे कोठेही वाट जात नव्हती, चारही बाजूंना भिंती होत्या. त्यामुळे पुण्याहून आलेल्या नातेवाइकांना आजीचा शब्द चुकीचा वाटे, कारण त्यांच्या लेखी भुयार म्हणजे एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायची जमिनीखालची वाट. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. आता मात्र माझे मत असे आहे की आजीचा प्रयोग अधिक जुना आणि शब्दाच्या मुळाशी अधिक प्रामाणिक होता.

‘भुयार’ हा शब्द संस्कृत ‘भूमिगृह’ या शब्दापासून आला आहे. प्राकृतात त्याचे ‘भूमिहर’ झाले, गुजरातीत ‘भोंयरुं’ झाले आणि मराठीत ‘भुयार’. म्हणजे मुळात ते जमिनीतले घर आहे, वाट नव्हे. गुजरातीने हा अर्थ आजवर जपला आहे. वडोदऱ्याच्या जुन्या ‘पोळां’तल्या, म्हणजे गल्लीवजा वस्त्यांतल्या, घराखालच्या खोलीला ‘भोंयरुं’ म्हणतात. ‘तहखाना’ हा फारसी शब्द, ‘तह’ म्हणजे तळ आणि ‘खाना’ म्हणजे घर. आपले ‘तळघर’ त्याच घडणीचे आहे. तेव्हा भुयार, तहखाना आणि तळघर हे तिन्ही शब्द एकाच वस्तूची तीन नावे म्हणून सुरू झाले, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

वाटेसाठी संस्कृतात वेगळा शब्द होता, आणि तो म्हणजे ‘सुरुङ्गा’. तो ग्रीक ‘सिरिंक्स’ या शब्दापासून आला असे अभ्यासक मानतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ पोकळ नळी, बासरी असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या निवासाचे वर्णन करताना हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात, आणि माझ्या मते या चर्चेतला सर्वांत मोलाचा पुरावा तोच आहे. तेथे असे सांगितले आहे की राजाने भूमिगृह बांधावे, त्याचे दार जवळच्या चैत्यातल्या लाकडी देवतेच्या मूर्तीने झाकलेले असावे आणि त्यातून बाहेर पडायला अनेक सुरुङ्गा असाव्यात. भूमिगृह ही राहण्याची जागा, सुरुङ्गा ही निसटण्याची वाट, इतका स्पष्ट भेद दोन हजार वर्षांपूर्वीच्या गद्यात आहे.

पुढे काय झाले ते किल्ल्यांच्या वेढ्यांवरून कळते. वेढा घालणारे सैन्य तटाखालपर्यंत जमीन पोखरीत नेत असे, त्या पोकळीत दारू भरीत असे आणि बत्ती देऊन बुरूज उडवीत असे. पोखरलेल्या वाटेचे नाव आधी त्या दारूच्या कामाला आणि मग थेट स्फोटक पदार्थालाच मिळाले. मराठीत हा दुसरा अर्थ इतका बळकट झाला की पहिला जवळजवळ पुसला गेला. ‘सुरुंग लावणे’, ‘सुरुंग पेरणे’, विहिरीच्या कामाला ‘सुरुंगाची दारू’ आणि लाक्षणिक अर्थाने ‘युतीला सुरुंग लावला’, हे आपले रोजचे प्रयोग आहेत. हिंदीत मात्र दोन्ही अर्थ टिकले. तेथे स्फोटकाला गरज पडल्यास ‘बारूदी सुरंग’ म्हणतात. मराठीत वाटेसाठी शब्दाची जागा रिकामी झाली आणि ती ‘भुयारा’ने घेतली, असे मला वाटते. म्हणूनच आज भुयारी मार्ग, भुयारी गटार आणि भुयारी मेट्रो हे शब्द आपल्याला खटकत नाहीत. डोंगर आरपार पोखरून काढलेल्या रेल्वेच्या वाटेला मात्र कोणीही भुयार म्हणत नाही. तो बोगदाच.

हा भेद ध्यानात घेऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या मानमंदिराकडे पाहावे. मानसिंह तोमराने (राज्यकाल १४८६ ते १५१६) बांधलेल्या या वाड्याचे दोन मजले जमिनीखाली आहेत. तेथील गोलाकार दालने उन्हाळ्यात राहण्यासाठी होती आणि त्यांत हवा खेळावी म्हणून भिंतींतून मार्ग काढलेले आहेत. मोगलांनी किल्ल्याचा उपयोग राजबंद्यांसाठी केला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला १६६१ साली येथेच ठार मारण्यात आले. या दालनांना ‘तळघर’ म्हणावे किंवा आजीच्या अर्थाने ‘भुयार’ म्हणावे, दोन्ही शोभते. ‘सुरुंग’ मात्र कोणत्याही अर्थाने शोभत नाही. आणि कैदेचा संदर्भ असेल तेथे ‘अंधारकोठडी’ हा शब्द अधिक नेमका आहे.

येथून झाशीपर्यंत भुयार जाते, ही कथा प्रत्येक पिढी ऐकते. शंभर किलोमीटर लांबीच्या वाटेत माणूस जिवंत राहायचा तर ठिकठिकाणी हवेसाठी तोंडे हवीत, आणि अशी तोंडे वरून दिसल्याशिवाय राहत नाहीत. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात आणलेल्या जमिनीखालच्या नळाला उभी धुराडी आहेत, त्यांना ‘उच्छ्वास’ असा सुंदर शब्द आहे. बुऱ्हाणपूरच्या सतराव्या शतकातल्या जलवाहिनीवर ओळीने कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी तोंडे, आहेत, म्हणून ती ‘कुंडी भंडारा’. खोदकामात अशी एखादी वाहिनी उघडी पडली की वर्तमानपत्रे तिला ‘भुयार’ म्हणतात. पाण्याच्या वाटेला ‘नळ’ किंवा ‘नहर’ हे हक्काचे शब्द असताना तसे म्हणू नये, असा माझा आग्रह आहे.

ग्वाल्हेरच्या तळघरांनी मराठीला आणखी एका शब्दाची आठवण जपून ठेवली आहे, तो म्हणजे ‘गंगाजळी’. मूळ अर्थ गंगेचे पाणी ठेवण्याचे बंद भांडे. ते घरात असते, पण एरवी उघडायचे नसते. शिंद्यांनी युद्ध, दुष्काळ अशा संकटासाठी किल्ल्यातल्या तळघरांत जे द्रव्य साठवले त्याला गंगाजळी हेच नाव होते. १८५८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि १८८६ साली परत मिळाला. त्याच वर्षी जयाजीराव शिंदे वारले, तेव्हा त्यांचे पुत्र माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. तळघरांच्या गुप्त खुणेला ‘बीजक’ म्हणत, आणि ते मुलाला सांगायचे राहून गेले, अशी हकीकत सांगितली जाते. व्यापाऱ्याच्या मालाच्या यादीलाही आपण बीजकच म्हणतो. आज रिझर्व्ह बँकेकडच्या परकीय चलनाला वर्तमानपत्रे ‘गंगाजळी’ म्हणतात, तेव्हा न मोडायचा साठा हाच जुना अर्थ त्यात असतो.

धान्याच्या बाबतीत ‘पेव’ आणि ‘बळद’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. ती उघडल्यावर आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरत नसे. बळद म्हणजे धान्याची कोठी, ती मात्र घराच्या बांधणीचाच भाग असते.

त्या माहितीपत्रकातले वाक्य मी असे लिहीन: ‘मानमंदिराखाली दोन मजली तळघर आहे.’ आणि वाट सांगायची असेल तेथे ‘भुयारी मार्ग’. इंदूर आणि वडोदऱ्याच्या मंडळींकडे घराखालच्या खोलीला ‘भुयार’ म्हणणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांचे नेमके वाक्य येथे अवश्य नोंदवावे.